धाकटीची चादर

"ही चादर कोणी धुतली गं?" सासूबाईंनी विचारलं, तेव्हा थोरली त्यांच्या पायांना तेल लावत होती.

"मीच की, आई," ती म्हणाली. एकोणीस वर्षं या घरातली प्रत्येक चादर तिच्याच हातून गेली होती. दुसरं उत्तर तिच्या डोक्यातही आलं नाही.

सासूबाईंनी तळहात चादरीवरून हळूहळू फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला. त्यांच्या डोळ्यांना आता उजेड आणि सावली याखेरीज फारसं काही कळत नसे; जे कळायचं ते हातांना. "नाही," त्या म्हणाल्या. "तुझी अशी नसते."

धाकटी औषधाचा पेला घेऊन दारात उभी होती. तिने जरा चाचरतच सांगितलं की ताई ड्युटीवर गेल्यावर चादर ओली झाली, म्हणून बदलावी लागली. तिने स्वतः धुतलेली एक कपाटात होती, तीच घातली.

"बरं केलंस," थोरली म्हणाली आणि तेलाच्या बाटलीचं झाकण लावायला लागली. ते तीनदा आडवं बसलं.

तसं पाहिलं तर गोष्ट एवढीशी. पण थोरलीचा निम्मा जन्म चादरींत गेला होता. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला होती, चोवीस वर्षं झाली होती. ती लागली तेव्हा सिमेंटच्या हौदात काठीने कपडे ढवळावे लागत. आता माणसाच्या उंचीची यंत्रं आली होती आणि वाफेवर फिरणारे इस्त्रीचे रूळ आले होते. तिथे तिला सगळे कडकबाई म्हणत. स्वभावावरून नव्हे, निदान तिच्या तोंडावर तरी तसं कोणी कबूल करत नसे. तिच्या हातून निघालेली चादर पुठ्ठ्यासारखी उभी राहायची. पलंगावर टाकली की एक सुरकुती दिसायची नाही. मोठे डॉक्टर फेरीला यायचे असले की वॉर्डमधल्या सिस्टर मुद्दाम निरोप पाठवायच्या, कडकबाईंचा गठ्ठा द्या. त्या निरोपावर तिचा आठवडा निघायचा.

घरीही ती तसंच धुवायची. पावडर सढळ हाताने, शेवटच्या पाण्यात निळं सॉफ्टनर टोपण भरून, मग मागच्या अंगणातल्या दोरीवर दिवसभर भर उन्हात. सॉफ्टनरने कपडे मऊ होतात असं बाटलीवर लिहिलेलं असायचं. थोरलीला त्या मऊपणाशी देणंघेणं नव्हतं, तिला वास हवा असायचा. घरात पाऊल टाकणाऱ्याला कळलं पाहिजे की इथे कपडे धुतले जातात. संध्याकाळी दोरीवरून चादर ओढताना ती कडकड वाजली की तिच्या जिवाला बरं वाटायचं.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरल्या, त्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. पडून पडून त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. पाठ, कोपरं, टाचा लाल व्हायच्या, खाज सुटायची. दिवसभर त्या एकाच गोष्टीची कुरकुर करायच्या: टोचतंय. थोरली चादर झटकून झटकून बघायची. खडा नाही, कण नाही. म्हातारपणीची किरकिर, असं म्हणून ती पुन्हा सारखी करायची.

धाकटी या घरात लग्नाला सहा वर्षं होऊनही पाहुणीसारखीच होती, कारण दिराची नोकरी परगावी. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या कंपनीने त्याला इकडच्या कामावर पाठवलं आणि ती दोघं मागच्या खोलीत राहायला आली. धाकटी नोकरी करत नव्हती. हळू बोलायची, हळू चालायची आणि एखादी गोष्ट आवडली नाही तर गप्प बसायची. थोरलीला अशी माणसं समजायची नाहीत. भांडायला समोर कोणी तरी हवं.

आल्या आल्या दुसऱ्याच आठवड्यात धाकटीने विचारलं होतं, "ताई, काही दिवस ती निळी बाटली घालायची थांबूया का? त्या वासानेपण कधी कधी अंगाला खाज येते."

"चोवीस वर्षं धुतेय मी," थोरली म्हणाली होती. तेवढ्यावर तो विषय संपला. म्हणजे थोरलीला वाटलं की संपला. धाकटीने वाद घातला नाही, फक्त एक चादर बाजूला काढली आणि आपल्या पद्धतीने धुऊन कपाटात ठेवून दिली.

आणि आता सासूबाईंना दुसरी चालेना.

थोरलीची चादर घातली की त्या हात फिरवायच्या आणि तोंड वाकडं करायच्या. "धाकटीची नाही का गं?" असं विचारायच्या, अगदी साध्या आवाजात. त्यात टोमणा असता तर थोरलीने परतवला असता. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनेही पाठ बघून मान डोलावली. लाली उतरतेय, म्हणाली, काय बदललंत? सासूबाईंनी उशीवरूनच सांगितलं, माझी धाकटी सून चादरी धुते. सिस्टरने धाकटीला चार गोष्टी विचारल्या आणि आपल्या दुसऱ्या पेशंटसाठी कागदावर लिहून घेतल्या. थोरली तिथेच उभी होती, अंगावर हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीचा गणवेश, खिशावर लॉन्ड्रीचं नाव शिवलेलं. तिला कोणी काही विचारलं नाही.

त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात एक निखारा येऊन बसला. तिला स्वतःलाच लाज वाटायची, पण निखारा विझायचा नाही. दुपारी कामावरून आली की ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून मागच्या अंगणात बघायची. भाजी निवडण्याचं निमित्त असायचं. धाकटी पावडर घालायची ती चिमूटभर, थोरलीला वाटायचं एवढ्याने रुमालसुद्धा निघायचा नाही. मग पाणी बदलायची, पुन्हा बदलायची, हाताने पाणी ओंजळीत घेऊन त्यात बुळबुळ आहे का बघायची. शेवटच्या पाण्यात पांढरं व्हिनेगर घालायची, वाटीने. थोरलीने एकदा ती बाटली उघडून नाकाशी धरली तर डोळ्यांत पाणी आलं. असल्या आंबट पाण्यात कपडे बुडवायचे, आणि तरी वाळल्यावर त्या चादरीला कसलाच वास यायचा नाही. ना आंबट, ना फुलांचा. नुसत्या कापडाचा.

एकदा सासूबाई झोपलेल्या असताना तिने हळूच हाताच्या मागच्या बाजूने चादरीला स्पर्श केला. वर्षानुवर्षं वापरून अंगवळणी पडलेलं सुती कापड असतं ना, तशी ती होती. थोरलीने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

पण खरा तिळपापड झाला तो टॉवेलवरून. तिचा नवरा अंघोळ करून बाहेर आला आणि तोंड पुसत सहज म्हणाला, "टॉवेल मस्त झालाय गं. आधी पाणी नुसतं इकडचं तिकडे व्हायचं, आता टिपलं जातं."

लग्न झाल्यापासून त्याने टॉवेलबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. तो टॉवेल धाकटीने धुतला होता.

त्यानंतर दोनच दिवसांनी तिच्या हातून ती गोष्ट घडली.

धाकटीला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. जाताना तिने थोरलीला सांगितलं की आईंची चादर दोरीवर आहे, अजून अर्धा तास ठेवा आणि थोडी दमट असतानाच आत घ्या, नाहीतर कडक होते. आत आणून झटकली आणि पंख्याखाली टाकली की झालं. थोरली हो म्हणाली. अर्ध्या तासाने ती मागच्या दारात येऊन उभी राहिली. चादर वाऱ्यावर हलत होती. तिने हात पुढे केला नाही. ऊन भिंतीवरून सरकत अंगणात उतरलं, तरी ती घरातलीच कामं करत राहिली. आधीच आवरलेला डबा तिने पुन्हा आवरला. एकदा बाहेर जाऊन तिने चादर सावलीतून काढून थेट उन्हाच्या दोरीवर टाकली, वर चिमटे लावले. आपण हे करतोय, हे तिला कळत होतं. कोणी विचारलं तर काय सांगायचं तेही तिने ठरवलं होतं.

धाकटी संध्याकाळी गाल सुजवून परत आली. बोलता येत नव्हतं, गोळी घेऊन झोपली. सासूबाईंखालची चादर थोरलीनेच बदलली. ती वाळून पत्र्यासारखी झाली होती. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. थोरलीला वाटलं, बघा, काही फरक नसतो. सगळे मनाचे खेळ.

सकाळी तिने त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा चादरीवर रुपयाएवढा लाल डाग होता. टाचेची कातडी सोलवटून निघाली होती. सासूबाईंनी त्या रात्री टोचतंय म्हणून सांगितलंच नव्हतं. का नाही सांगितलंत, असं थोरलीने विचारलं, तर त्या म्हणाल्या, "धाकटीची आहे ना? मग मलाच काही तरी होत असेल."

धाकटीने डाग पाहिला, चादर बोटांत धरून पाहिली. तिला कळलं असणार. चादर हातात घेतल्यावर तिला कळणार नाही असं काहीच नव्हतं. थोरली वाट बघत होती की आता ती बोलेल, निदान नवऱ्याजवळ तरी बोलेल. धाकटी म्हणाली, "माझंच चुकलं. परत धुवायला हवी होती ही." आणि टाचेला लावायला मलम आणायला गेली.

थोरलीला वाटलं, हिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लाज वाटली, फार वाटली. पण लाजेखाली तो निखारा होताच. आता त्या बाईकडे चांगुलपणाही होता.

तीन महिन्यांनी दिराचं इकडचं काम संपलं. सामान बांधताना धाकटी स्वयंपाकघरात आली, व्हिनेगरची बाटली ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, ताई, कसं करायचं ते सांगून ठेवते. थोरली म्हणाली की तिला काही शिकवायची गरज नाही, चादरींतच तिचे केस पांढरे झालेत. धाकटीने मान हलवली. बाटली मात्र तिथेच ठेवून गेली.

सासूबाई पहिले दोन दिवस रडल्या. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी चादरींवर राग काढायला सुरुवात केली. थोरलीची कुठलीही चादर घातली की त्या अंग चोरून घ्यायच्या. पाठ पुन्हा लाल व्हायला लागली. सिस्टरने बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, त्या दुसऱ्या ताई गेल्या वाटतं.

थोरलीने मग ठरवलं. शिकणार नाही असं म्हणाली होती. चोरून तर आधीच शिकली होती. खिडकीतून बघितलेलं सगळं तिला पाठ होतं. कामावरून आल्यावर तिने चिमूटभर पावडर घालून चादर धुतली, चार वेळा पाणी बदललं, वाटीभर व्हिनेगर घातलं, सावलीत वाळवली, दमट असताना काढली. ती बरी झाली, पण तशी झाली नाही. बोटांना काही तरी मेणचट लागत होतं. दुसऱ्या खेपेला व्हिनेगर वाढवलं, तर खोलीभर आंबट वास सुटला आणि नवऱ्याने विचारलं की काही नासलंय का.

तिसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत यंत्राच्या आवाजात उभी असताना तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतक्या वर्षांचं सॉफ्टनर. प्रत्येक धुण्याला चादरीवर त्याचा एक थर बसत गेला होता, आणि खाली पावडरीचा, आणि त्यांच्या नळाच्या जड पाण्याचा. वर काय ओतलं तरी आतलं कापड कुठे सापडणार होतं? धाकटीनेही सुरुवातीला दोन दिवस पातेल्यात पाणी तापवलं होतं. थोरलीला तेव्हा वाटलं होतं, उगाच गॅस जाळतेय. घरी येऊन तिने मोठं पातेलं चढवलं, कढत पाण्यात मूठभर खायचा सोडा घालून चादर भिजत ठेवली. तासाभराने पाणी बघितलं तर ते पिठूळ झालं होतं, वर तवंग. आपण स्वच्छ म्हणून मिरवलेल्या चादरीतून हे निघालं. तिने ते पाणी ओतलं आणि कोणी बघत नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मग दुसऱ्यांदा भिजवली. तिसऱ्यांदाही.

दुसऱ्या दिवशी धुताना व्हिनेगर तिने अर्धी वाटीच घातलं. वाळत टाकण्याआधी दोन्ही हातांत धरून इतकी झटकली की खांदे भरून आले. वाऱ्यावर टाकली, अधूनमधून जाऊन बाजू बदलली, मधे एकदा काढून पुन्हा झटकली. ती उतरवली तेव्हा कडकड वाजली नाही. थोरलीच्या हातांवर ती घरंगळली. इतकी वर्षं जो आवाज ऐकायला ती उभी राहायची तो आला नाही, आणि तिला ते आवडलं, याचंच तिला नवल वाटलं.

तिने चादर घातली, सासूबाईंना अलगद सरळ केलं आणि पायाशी उभी राहिली. सासूबाईंनी हात फिरवला. चेहरा हळूहळू उलगडला. त्यांनी मान दाराकडे वळवली.

"धाकटी आली का गं?"

थोरलीच्या ओठांवर शब्द आला होता. मी, एवढाच. पण त्या क्षणी तिला टाचेची आठवण झाली. टाच सोलवटली तरी धाकटीची म्हणून जिच्याबद्दल त्या बोलल्या नव्हत्या, ती चादर. तिला कळून चुकलं की हे उलटंही होईल. मी म्हटलं की हीच चादर त्यांना टोचायला लागेल. आज लागणार नाही, पण दोन दिवसांनी लागेल. एकोणीस वर्षांची सवय होती दोघींना. सासूबाई धडधाकट होत्या तेव्हा मिठापासून केरसुणीपर्यंत दोघींची जुंपलेली असायची. धाकटी राहायला आली ती त्या अंथरुणाला खिळल्यावर. थोरलीच्या वाट्याला सासू आली होती, धाकटीच्या वाट्याला नुसती म्हातारी.

"नाही आली," ती म्हणाली. "पाठवलीये तिने. धुऊन, बसने."

"एवढ्या लांबून?"

"हो. दर गुरुवारी पाठवते म्हणाली."

सासूबाईंनी डोळे मिटले आणि तीन तास गाढ झोपल्या. थोरली स्वयंपाकघरात जाऊन बसली. हातांना सोड्याने भेगा पडल्या होत्या, त्या झोंबत होत्या. तिला धाकटीचा असा काही राग आला की ओट्यावरची बाटली भिंतीवर फेकावीशी वाटली. चादर धुतली आपण, आणि म्हातारी झोपली तिच्या नावावर. स्वतःच्याच हातांचा हेवा करायची वेळ तिच्यावर आली होती.

तरी दर गुरुवारी चादर येत राहिली. म्हणजे थोरली मंगळवारी भिजवायची, बुधवारी धुवायची आणि गुरुवारी कामावरून येताना पिशवीतून घेऊन आल्यासारखी सासूबाईंसमोर उघडायची. आधी पिशवीचा आवाज करायची, कारण त्यांना आवाजावरून कळायचं. नवऱ्याला तिने सांगून ठेवलं होतं की मधे तोंड घालायचं नाही. तो म्हणाला, यात मला काय करायचंय. पाठ सुधारली. सिस्टर खूश झाली. सासूबाई पिशवीची वाट बघायला लागल्या, आणि आदल्या दिवसापासून धाकटीचं कौतुक सुरू व्हायचं: पोरीने स्वतःचं घर सांभाळून हे करायचं म्हणजे काय. थोरली ऐकून घ्यायची. कधी कधी ऐकून घेता येत नसे, मग ती मागे जाऊन रिकाम्या दोरीवरचे चिमटे उगाच सारखे करायची.

एका रविवारी दिराचा फोन आला. सासूबाईंनी धाकटीला मागितलं आणि फोन कानाशी धरून त्या चादरींबद्दल भरभरून बोलायला लागल्या. थोरली खोलीतच होती. पलीकडून धाकटीचा आवाज आला, हळू, नेहमीचा. ती म्हणत होती की आई, त्यात काय एवढं, आणि पाठ कशी आहे, आणि अजून मऊ हव्यात का.

नंतर तिने थोरलीशी बोलायचंय म्हणून सांगितलं. थोरली फोन घेऊन मागच्या अंगणात गेली.

"ताई, व्हिनेगर किती घालता?" धाकटीने विचारलं.

"अर्धी वाटी."

"मी पूर्ण घालायचे. अर्ध्याने होतात?"

"होतात. आधी कढत पाण्यात तीनदा भिजवते."

"मी दोनदाच भिजवायचे," धाकटी म्हणाली. मग म्हणाली, "माझे बाबा चार वर्षं अंथरुणावर होते, तेव्हा शिकले मी. पहिली दोन वर्षं माझ्या चादरीपण त्यांना टोचायच्या."

थोरलीला हे माहीत नव्हतं. सहा वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं.

"आईंना खरं सांगू का मी?" धाकटीने विचारलं. "मला नाही बरं वाटत असं."

"नको."

"पण ताई—"

"त्यांना टोचेल," थोरली म्हणाली. "राहू दे तुझीच."

फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की आज पहिल्यांदा धाकटी तिला शिकण्यासाठी काही तरी विचारत होती. अर्ध्या वाटीने होतात का, म्हणून. तो प्रश्न तिने दोन-तीन दिवस मनात घोळवला. लॉन्ड्रीत इस्त्रीवालीने विचारलंही, कडकबाई, आज एकट्याच हसताय. थोरली म्हणाली, तुझं काम बघ.

सासूबाई आणखी सात महिने जगल्या. गेल्या तेव्हा सकाळ होती, थोरलीने नुकतंच त्यांचं तोंड पुसलं होतं. गरम पाण्याचं भांडं ठेवून ती वळली, तेवढ्यात. शेवटपर्यंत पाठीवर एक जखम नव्हती. डॉक्टरनेही ते बोलून दाखवलं. तीन वर्षं पडून असलेल्या माणसाची अशी पाठ त्याने पाहिली नव्हती.

दीर आणि धाकटी संध्याकाळी पोचली. दुसऱ्या दिवशी भेटायला माणसं आली. सासूबाईंची धाकटी बहीण, जिला सगळे मावशी म्हणत, ती खुर्चीत बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती की फोनवर माझी ताई दुसरं काही बोलायचीच नाही, नुसतं धाकटी सून आणि तिच्या चादरी. "परगावाहून दर आठवड्याला पाठवायची हो. कोण करतं आजकाल?"

थोरली चहाचा ट्रे घेऊन खोलीत आली होती. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग आपल्या कपात पाहिलं.

धाकटी उठून उभी राहिली. कधी नव्हे तो तिचा आवाज खोलीभर ऐकू आला. "मावशी, मी एकही पाठवली नाही," ती म्हणाली. "सगळ्या ताईंनी धुतल्यात. इथेच, मागच्या अंगणात."

मग मावशीने धाकटीचा हात धरून तिला आपल्याजवळ बसवलं, आणि शेजारणीकडे वळून म्हणाली, "बघा. असं मन लागतं. केलेलं सगळं मोठ्या जावेच्या नावावर करून मोकळी."

शेजारणीने डोळ्यांना पदर लावला. धाकटी पुन्हा काही तरी सांगायला लागली, पण मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जितकं ती सांगे तितकं तिचं मन मोठं होत जाई. धाकटीने हताश होऊन थोरलीकडे पाहिलं. थोरलीला हसू आलं. खरं बोलण्याचं श्रेयसुद्धा शेवटी हिलाच. तिने मावशीपुढे ट्रे धरला. साखर कमी घातलीये, म्हणाली, तुम्हाला चालत नाही ना.

चार दिवसांनी घर रिकामं झालं. निघताना धाकटीने थोरलीचे दोन्ही हात हातात घेतले, भेगांवरून अंगठा फिरवला आणि बसमध्ये चढली. नवरा कामावर जायला लागला. थोरलीही गेली. लॉन्ड्रीत गठ्ठे साचले होते, मुकादमाने दोन शब्द सांत्वनाचे बोलून तिला इस्त्रीच्या रुळापाशी उभं केलं.

दुपारी ती घरी आली. सासूबाईंची खाट नेली होती, तिथली फरशी उजळ दिसत होती. कपडे ठेवायला तिने कपाट उघडलं, तर वरच्या खणात एक चादर घडी करून ठेवलेली होती. सासूबाई गेल्या त्या आठवड्यातल्या गुरुवारसाठी धुतलेली. ती कोणाला द्यावी असं तिच्या मनात आलं, दोन-तीन माणसं आठवलीही. मग तिने ती आपल्याच पलंगावर पसरली. सवयीने कोपरे ओढले, शिवण बघितली, मधे एक ठिकाणी ताण राहिला होता तो सोडवला. दोष काढायला दुसरं काही सापडलं नाही.

ती गणवेशातच आडवी झाली. इतके महिने तिने या चादरी हातांत धरल्या होत्या, झटकल्या होत्या, दुसऱ्याच्या पाठीखाली घातल्या होत्या. त्यांवर ती कधी निजली नव्हती. गालाखाली कशी लागते ते तिला ठाऊकच नव्हतं. ती थोडा वेळ छताकडे बघत राहिली. मग कूस बदलून, भिंतीकडे तोंड करून, संध्याकाळच्या चहाची वेळ टळून गेली तरी तशीच पडून राहिली.